नऊ वाजताचा फोन

नागपूर,
१८ नोव्हेंबर १९९६

ती. दादास,
मार्थाचा सा. सलाम वि. वि.

प्रवास नीट झाला. जावई मार्क स्टेशनवर घ्यायला आले होते. हेलनला डॉक्टरांनी डिसेंबरची दहा तारीख दिली आहे. लेकीचं बाळंतपण उरकून फेब्रुवारीत मी परत येते, तोवर घर आणि माझी झाडं तुझ्या हवाली. घराची काळजी नाही, झाडांची आहे. माझे यजमान गेल्यापासून सोळा वर्षं आपण बहीणभाऊ एका घरात राहतो, पण मोगरा कुठला आणि अबोली कुठली हे तुला अजून कळत नाही.

आपला खेळ लक्षात आहे ना? सोमवारी आणि गुरुवारी सकाळी नऊला समोरच्या काकासाहेबांच्या किराणा दुकानातला फोन वाजेल. तो उचलायचा नाही, उचलला की एस.टी.डी.चे पैसे पडतात; नुसत्या घंट्या मोजायच्या. जितक्या घंट्या, तितके तांबे प्रत्येक कुंडीला. पिंपातल्या लिंबाला तेवढ्याच छोट्या बादल्या. ते लिंबू सहा वर्षांत एकदाही फुललेलं नाही, तरी त्याला उपाशी ठेवू नकोस. स्वतःची अक्कल चालवायची नाही, एवढंच सांगणं.

तुझी,
मार्था

श्रीरामपूर,
२ डिसेंबर १९९६

चि. मार्था हिस,
अनेक आशीर्वाद.

अक्कल चालवू नको हे तू कुणाला सांगतेस? पस्तीस वर्षं रेल्वेच्या केबिनमध्ये घंटीचे ठोके मोजून गाड्या सोडल्या. पलीकडच्या स्टेशनाचा ठोका आल्याखेरीज एकदाही सिग्नल पाडला नाही. तुझ्या कुंड्यांचं काय घेऊन बसलीस!

मी पावणेनऊलाच दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसतो. नऊ वाजले की दुकानात कुणी बोलायचं नाही असा दंडक घातला आहे. भागूबाई गूळ मागत होती, तिला हातानेच थांबवलं. तिने बाहेर जाऊन सांगितलं म्हणे, की मोझेस मास्तरला फोनचं याड लागलंय. गेल्या गुरुवारी मात्र घोटाळा झाला. नेमका नऊला नगरच्या कुणा व्यापाऱ्याचा फोन आला आणि काकासाहेबांचं बोलणं दहा मिनिटं संपेना. सिग्नल मिळाला नाही म्हणून मी सोमवारपर्यंत पाणी घातलं नाही. शेजारची विजयमाला म्हणाली की मामा, मातीत बोट घालून बघा, कळतंय की. मी तिला सांगितलं की नियम म्हणजे नियम.

बाकी मी मजेत आहे. हेलनला जप. बातमी लगेच कळव.

तुझा दादा,
मोझेस

नागपूर,
२८ डिसेंबर १९९६

ती. दादास,
सा. सलाम वि. वि.

तार मिळालीच असेल. मुलगी झाली, बारा तारखेला. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप आहेत. नाक अगदी आपल्या बाबांचं आहे, बिचारीचं! नाताळ दवाखान्यातून आलेल्या पाहुणीच्या भोवतीच गेला. करंज्या केल्या, पण मन तिकडे होतं. तुला यंदा नाताळाला कुणी जेवायला बोलावलं होतं का, ते लिही.

आता एक महत्त्वाचं. हेलनची शाळेतली रजा मार्चमध्ये संपते. ती म्हणते, आई तू कायमची इथेच राहा. रोज म्हणते. मी म्हटलं, दादाकडे कोण बघणार? तर ती म्हणते, मामा मजेत आहेत असं तेच लिहितात. दादा, मला काही सुचत नाही. लेकीला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायला जीभ उचलत नाही. तुझं मत स्पष्ट कळव, मग मी ठरवीन.

झाडांना सध्या चार देते आहे, थंडी आहे म्हणून. पानं पिवळी पडली तर लिही.

तुझी,
मार्था

श्रीरामपूर,
१३ जानेवारी १९९७

चि. मार्था हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी स्टुलावरून उठलोच. चार? इकडे पहिल्या दिवसापासून तीनच वाजताहेत! मी ठोके मोजण्यात चुकेन हे शक्य नाही, म्हणून टेलिफोन खात्याच्या एका लाईनमनला गाठलं. तो म्हणाला की तिकडे कानात ऐकू येणारी घंटी वेगळी आणि इकडे वाजणारी वेगळी. दोन्ही बरोबर चालतीलच असं नाही. तिकडे एक झाली तरी इकडे अजून सुरुवातच नसते. म्हणजे दोन महिने तुझी झाडं दर खेपेला एक तांब्या कमी पाण्यावर आहेत.

आणि आता ऐक. मोगरा हिरवागार आहे. आणि तुझं लिंबू फुललं! फांदीफांदीला पांढरी फुलं, सगळं अंगण घमघमतंय. छगनला बोलावून दाखवलं, त्याची लिंबाची बाग आहे. तो हसायला लागला. म्हणाला की लिंबाला बहर धरायचा तर आधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो, आक्कांनी लई पाणी पाजून झाड नुसतं पाल्यावर ठेवलं हुतं. सोळा वर्षांची तुझी बागाईत एका घंटीने मोडीत काढली बघ! काकासाहेबांच्या दुकानात येईल त्याला ही गोष्ट सांगतो आहे.

हेलनचं विचारलंस. तर झाडांसाठी परत यायची काही गरज उरलेली नाही. इथे तुझ्यावाचून सगळं उत्तम चाललं आहे. तुझं तू ठरव.

तुझा दादा,
मोझेस

नागपूर,
२३ जानेवारी १९९७

ती. दादास,
सा. सलाम.

पत्र मिळालं. लिंबू फुललं, आनंद झाला.

मी हेलनला हो म्हणून सांगितलं आहे. येत्या सोमवारपासून फोन वाजणार नाही, उगीच दुकानात ताटकळू नकोस. कुंड्या विजयमालाला दे, तिला हौस आहे. माझी ट्रंक इकडे कुणी येणार असेल तर त्याच्याबरोबर पाठव. चावी भिंतीतल्या देवळीत आहे.

मी मत विचारलं होतं आणि तू मला घंट्यांचा हिशेब लिहिलास. वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण तुझं उत्तम चाललं आहे हे कळलं, त्याचं समाधान आहे. तब्येतीला जप. गोळ्या वेळेवर घे.

मार्था

श्रीरामपूर,
३ फेब्रुवारी १९९७

प्रिय मार्था,

सोमवारी मी दुकानात गेलो होतो. गुरुवारीही गेलो. फोन वाजला नाही. काकासाहेबांनी गिऱ्हाईकं थांबवून ठेवली होती. शेवटी त्यांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की मास्तर, घरी चला आता. घरी येऊन मी माझ्याच मनाने झाडांना पाणी घातलं. किती ते मोजलं नाही.

मी मूर्ख आहे. बढाई मारायच्या भरात तू काय विचारलं होतंस ते मी नीट वाचलंच नाही. वाचलं असेल तर उत्तर द्यायला घाबरलो. खरं सांगायचं तर या दोन्हींतलं दुसरंच खरं आहे.

मी मजेत नाही. नाताळाला विजयमालाने जेवायला बोलावलं होतं, मी पोट बिघडल्याचं सांगून गेलो नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला आपण स्तोत्रातलं एक वचन मी, एक तू असं वाचतो ना, तर मी माझं वचन वाचून थांबतो. पुढचं वाचवत नाही. गेल्या अडीच महिन्यांत एकही स्तोत्र पुरं झालेलं नाही. आणि नऊ वाजता मी जात होतो ते कुंड्यांसाठी नव्हे. घंटी वाजली की कळायचं, मार्था तिकडे फोनपाशी उभी आहे आणि तिला आपली आठवण आहे. तीन वाजल्या काय आणि चार वाजल्या काय.

झाडांचं तुझ्यावाचून अडत नाही, मार्था. माझं अडतं.

हेलनचा तुझ्यावर माझ्यापेक्षा मोठा हक्क आहे, बाळाचा त्याहून मोठा. तू तिथे राहिलीस तर मी तक्रार करणार नाही. पण मी मागितलंच नाही, असं मात्र व्हायला नको. म्हणून मागतो. परत ये.

तुझा,
दादा

नागपूर,
११ फेब्रुवारी १९९७

ती. मोझेसमामांना,
हेलनचा सा. सलाम वि. वि.

आई येत्या शुक्रवारी महाराष्ट्र एक्सप्रेसने निघते आहे. तिला उतरवून घ्यायला स्टेशनवर या. सामान जास्त आहे, हमाल करा, तुम्ही उचलू नका.

मी तुमच्यावर रागावले आहे, हे आधीच लिहिते. तीन आठवडे मी आईसाठी खोली लावत होते. तिचा पलंग खिडकीपाशी घेतला होता. बाळही तिच्याच मांडीवर झोपतं. काल मी खूप रडले. मार्क म्हणाले की आईंना अडवू नकोस, आपण दिवसभरासाठी बाई बघू. बाई मिळाली आहे, पण बाई ती बाई. मे महिन्यात तुम्ही दोघांनी इथे येऊन महिनाभर राहायचं, ही माझी अट आहे, आणि ती मोडायची नाही.

तुमचं पत्र शनिवारी दुपारी आलं तेव्हा आई गॅसपाशी उभी होती. तिने उभ्यानेच वाचलं. दूध उतू गेलं, तिला कळलं नाही. मग डोळे पुसून तिने मला विचारलं, नगरकडच्या गाडीचं तिकीट कधीचं मिळेल. बस, एवढंच. पत्र तिने पोलक्यात ठेवलं आहे. मी मागितलं तर म्हणाली, हे तुझ्यासाठी नाही. माझी आई माझ्यापासून कधी काही लपवत नाही, मामा. एवढं काय लिहिलं होतंत?

रागावलेली, तरी माया तशीच ठेवा असं सांगणारी, तुमची भाची,
हेलन