पिल्लाची दुसरी सुई

आनंदाभाऊजी,

काल ह्यांचं तेरावं झालं. माझा भाऊ न्यायला आला आहे, त्याच्याबरोबर ठाकुर्लीला जाते.

ह्यांनी आणलेल्या पिल्लाला सकाळी गुरांच्या दवाखान्यात, पिसाळू नये म्हणून, टोचून आणलं. डॉक्टर म्हणाले, अजून फार लहान आहे. तीन महिन्यांचं झालं की पुन्हा टोचायचं, मग दरवर्षी. तोवर रस्त्यावरच्या कुत्र्यांत सोडू नका. टोचलेली जागा देवीच्या लशीसारखी फुलत नाही, हे मामंजींना सांगा, नाहीतर रोज बघत बसतील. दूध शिंक्यावर आहे.

दुसऱ्या सुईच्या वेळी तुम्ही म्हणाल, चांगलं खेळतंय की, आता कशाला? तरी न्या. कुत्रा चावल्यावर पोटातली निम्मी इंजेक्शनं घेऊन सोडली, तेव्हा तुमच्या दादांनाही चांगलंच वाटत होतं.

तुळसावहिनी