देवाला लिहायच्या दुपारी

आत्याबाई, काल मिशनच्या देवळातल्या बायकांच्या सभेत नव्या पाळकांच्या बायकोनं मला उभं केलं. "मावशी, तुम्ही इतकी वर्षं रोजची प्रार्थना लिहून ठेवता, त्याचे आत्मिक फायदे आमच्या मुलींना सांगा ना," म्हणाली. समोर कॉलेजातल्या पोरी, कुणाकुणाच्या मांडीवर नवी कोरी डायरी. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले आणि फायदा म्हणून एक शब्द आठवेना. आठवलं ते उंब्रजचं आपलं स्वयंपाकघर. कौलांत बसवलेली काच, तिच्यातून खाली उतरलेला उन्हाचा पट्टा, त्या पट्ट्यात चुलीचा धूर सावकाश वर चाललेला, आणि तुम्ही भिंतीला टेकून, पाय लांब करून, डोळे मिटून बसलेल्या. मन शांत होतं, देवाचे उपकार ध्यानात राहतात, असलं काहीतरी बोलले आणि खाली बसले. पोरींनी ते लिहूनही घेतलं. घरी आल्यावर वाटलं, खरं ते सांगायचं राहूनच गेलं. ते ज्यांना सांगावं त्या तुम्ही. तुम्हांला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असूनही लिहायला बसले आहे.

मी सांगलीहून तुमच्या घरी सून म्हणून आले तेव्हा सत्तर साल नुकतंच मागे पडलं होतं. तुमचा मुलगा फौजेत ड्रायव्हर. सुटी संपली तशी ट्रंक घेऊन ते हमरस्त्यावर उभे राहिले, एस.टी. आली, धूळ उडाली, आणि घरात आपण दोघीच उरलो. दोघींनाही एकमेकींची फारशी गोडी नव्हती. तुम्ही मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम करून थकलेल्या, कोंबड्या आणि परसातली वांगी सांभाळणाऱ्या. मी मॅट्रिक झालेली, चुलीपुढे बसलं की डोळे चोळणारी. माझं शिक्षण तुमच्या लेखी बंद पडलेल्या शिवणयंत्रासारखं होतं. घरात आहे, पण उपयोग काय, कुणाला ठाऊक नाही.

एका रविवारी पाद्रीसाहेबांनी बायबलातल्या, राजानं रचलेल्या स्तोत्रांवर उपदेश केला. घरी येऊन लुगड्याच्या पदरानं मान पुसलीत आणि म्हणालात, "व्हय गं, त्या राजानं रडता रडता लिवून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ते गाया मिळतंय. मग मीच काय घोडं मारलंय?"

मला कळेना काय म्हणायचंय. "म्हंजी तू लिवायचंस. मी सांगते, तू लिव. नुसती प्रार्थना कराया बसले की मला डुलकी लागती, नायतर कोंबड्या आठवत्यात. कुणी लिवून घेतंय म्हटलं की मन जाग्यावर ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी दुकानातून वही आणली. जेवणं झाली, भांडी पालथी पडली, आणि तुम्ही डोळे मिटलेत. "लिव. देवा, सलाम."

"देवाला सलाम लिहायचा?" मी विचारलं.

"रस्त्यात भेटल्या मानसाला करतो, आन् त्याला न्हाई व्हय?"

मी लिहिलं. मग तुम्ही पुढे सांगू लागलात. "सून शिकलेली हाय, पर तिच्या हाताला मीठ न्हाई. कालवण अळणी, भाकरी वातड. तिला अक्कल दे." माझे कान तापले. पेन तसंच हातात. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "लिवलंस का?" लिहिलं म्हटलं. "वाच बगू." मी वाचलं. "अक्कल जरा मोठ्या अक्षरात लिव."

पहिले काही महिने असेच गेले. माझ्याविरुद्धच्या तक्रारी माझ्याच हातानं देवाला पोचवत होते. शेजारणीनं तुमची तुरेवाली कोंबडी दडवली असा तुम्हांला संशय होता. तिच्या चुलीला कधी जाळ लागू नये, असंही मी सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे. पाद्रीसाहेबांचा उपदेश लांबतो हेही आहे. एकदा ते घरी आले, तर तुम्ही कौतुकानं मला वही काढायला लावलीत, आणि नेमकं तेच पान उघडलं. ते बिचारे चहा पिता पिता हसले आणि पुढच्या रविवारी खरंच लवकर थांबले. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू देवाचं उत्तर टपालानं आलंय.

त्या दुपारी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. उन्हाचा पट्टा वहीवर येतो, ओळीवरून सरकत माझ्या मनगटावर येतो. हमरस्त्यावरून ट्रक गेला की कौलं हलकी वाजतात. तुमचा आवाज कधी भांडल्यासारखा, कधी शेजारी बसलेल्या माणसाशी बोलल्यासारखा. मध्येच थांबता, एवढा वेळ थांबता की मला वाटतं झोप लागली, आणि मग एकदम म्हणता, "आन् सीमेवर लय थंडी आसंल, पोराला जपून ठेव." तेवढ्यात मी मान वर करते, तर तुमच्या मिटलेल्या पापण्यांखालून पाणी आलेलं असतं. अशा वेळी मला तुमचा राग धरून ठेवणं जमत नसे.

मग आपली मुलगी झाली. तिचं मी इथेही फार लिहू शकणार नाही. ती बसायला लागली होती, पाण्याच्या तांब्यावर चमचा आपटायला शिकली होती. जुलाब लागले, आणि कराडला नेईपर्यंत पोर सुकून गेली. यांना सुटी मिळायला वेळ लागला; आले तेव्हा तिच्या मातीवर गवत उगवलं होतं. येणारा जाणारा म्हणे, देवाची इच्छा. देवळात सगळे गात तेव्हा मी उभी राहायची, पण ओठ उघडायची नाही. घरात तिचं नाव कुणी काढत नव्हतं. तुम्हीही नाही. वही फडताळावर तशीच पडून राहिली. मला वाटलं, संपलं ते. आता देवाला सांगण्यासारखं या घरात कुणाजवळ काही उरलं नाही.

गुऱ्हाळं सुरू झाली होती. उकळत्या रसाचा वास रानातून घरापर्यंत येत होता, गोड, जड, डोक्यात उतरणारा. मी भांडी पालथी घालून उठणार, तर तुम्ही म्हणालात, "वही आन." मी उभीच राहिले. "आन म्हंते न्हवं?" आणली. तुम्ही डोळे मिटले नाहीत. चुलीकडे बघत म्हणालात, "लिव. देवा, सलाम. मी तुज्यावर रागावली हाय." मी लिहिलं. "तू ती पोर न्यायला नको व्हतीस. म्हातारी हितं बसलीया, तिच्याकडं बोट केलं असतंस तर मी न्हाई म्हटलं असतं व्हय? तांब्या वाजवायची ती. दुपारी मला आजून त्यो आवाज येतो. सून ऐकू येत न्हाई असं दावती, पर तिला बी येतो."

माझ्या हातातलं पेन थांबलं. शाईवर पाणी पडून अक्षर फुटलं. "आत्याबाई," मी म्हणाले, "देवाला असं लिहितात का?"

"मग कसं लिवत्यात? तोंडात एक आन् पोटात एक, ह्ये त्याला कळत न्हाई व्हय? राग हाय तर राग लिव. त्याच्यावर रागावलोय म्हंजी त्यो हाय, असं तरी म्हंतोय आपण."

मी रडले. त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं रडले. तुम्ही मला जवळ बिवळ घेतलं नाहीत, तुमचा तो स्वभाव नव्हता. चुलीतली लाकडं मागे ओढलीत, मला पाणी दिलंत, आणि मी थांबल्यावर म्हणालात, "आता फुडल्या पानावर तुजं लिव."

"माझं काही नाही."

"मग त्येच लिव. आन् मला वाचून दावू नगो. ते तुज्या-त्याच्यातलं."

मी लिहिलं, आज सांगायला काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तुमचं लिहून झालं की पान उलटायचं आणि तेच वाक्य लिहायचं, रोज, शाळेत शिक्षा म्हणून लिहितात तसं. कधी चिडून, कधी सवयीनं. तुम्ही विचारलं नाहीत. मला आता वाटतं, ते वाक्य लिहिण्यापुरती का होईना, मी रोज त्याच्या दारात जात होते. आत पाऊल टाकत नव्हते, हाक मारत नव्हते, पण दार सोडूनही जात नव्हते. हे मला तेव्हा कळलेलं नाही. तेव्हा मला एवढंच कळत होतं की तुम्ही समोर बसला आहात आणि वाक्य लिहिल्याशिवाय उठता येणार नाही.

पुढे कधीतरी, उन्हाळा लागला होता, मी धान्याची कणगी सारली तर मागे तिचा एक वाळा सापडला. चांदीचा, काळा पडलेला. मी तो मुठीत धरून कामं उरकली. तुम्हांला दाखवला नाही. दुपारी पान उलटलं, नेहमीचं वाक्य लिहिलं, आणि हात थांबेना. आज कणगीमागे तिचा वाळा सापडला. मी कुणाला दाखवला नाही. तुला दाखवते. एवढंच. पण ते लिहिताना मला जाणवलं की मी कुणाला तरी काही दाखवते आहे, आणि ते कुणीतरी बघतं आहे. घाईनं नाही, उपदेश करत नाही, नुसतं बघतं आहे. कौलांतला उजेड माझ्या मुठीवर होता. दुःख तेवढंच होतं, तसूभर कमी नाही. पण ते माझ्या एकटीचं राहिलं नव्हतं. काल मला पोरींना हे सांगायचं होतं आणि जमलं नाही.

नाताळ झाल्यावर, वर्ष संपताना, तुम्ही सगळी वही पहिल्यापासून वाचायला लावलीत. ओट्यावर गोधडी टाकून बसलो. कुठे हसलात, कुठे नुसतं हं केलंत. शेजारणीच्या चुलीवरचं पान आलं तशी तुम्ही तोंडाला पदर लावलात. आपल्या घरी चूल पेटली नव्हती त्या दिवसांत तीच बाई झाकलेल्या टोपलीतून भाकरी आणत होती. मी पेन उचललं आणि ती ओळ खोडायला लागले.

"खोडू नगो," तुम्ही म्हणालात. "तवा तसंच वाटत व्हतं, खोटं न्हवतं. त्याच्याखाली लिव. त्या बाईनं आपल्याला भाकरी घातली, आन् माजा राग गेला. कवा गेला, ते मला बी कळलं न्हाई. तुला कळलं आसंल, देवा." मी लिहिलं. मग तुम्ही वही हातात घेतलीत, तुम्हांला न वाचता येणारी ती ओळ बोटानं चाचपलीत. "माणूस बदलतं गं," म्हणालात, "पर त्याचं त्याला उमगत न्हाई." त्यानंतर मी कुठलंही पान खोडलेलं नाही. जी मागणी मान्य झाली नाही, तीही तशीच ठेवली. आपली मुलगी जगावी म्हणून लिहिलेलं पान तसंच राहिलं, त्याखाली आपण दोघींनी कधी काही लिहिलं नाही.

मग मुलगा झाला. त्या दिवशी तुम्ही फक्त म्हणालात, "देवा, सलाम. ह्यो ऱ्हाऊ दे." त्या पानावर दुसरं काही नाही. तो राहिला, आत्याबाई. त्याला तुमच्यासारखं जेवताना बोलायची खोड आहे.

तुम्ही गेलात तेव्हा ते दशक संपत आलं होतं. ताप उतरत नव्हता, डॉक्टर येऊन गेले होते. दुपारी मी वही घेऊन उशाशी बसले. "लिव," म्हणालात. मी पेन धरून थांबले. तुमचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. उन्हाचा पट्टा पायाकडून तुमच्या हातावर आला, तिथून भिंतीवर गेला. मग तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "ऱ्हाऊ दे. त्याला कळलं." त्यानंतर तुम्ही मला काही लिहायला सांगितलं नाहीत. ते पान मी कोरंच ठेवलं.

यांची नोकरी संपल्यावर आम्ही सांगलीला आलो. तुमच्या वह्या, पुढच्या माझ्या वह्या, सगळं लोखंडी पेटीत. आणि एका वर्षी कृष्णा घरात आली. आम्ही गच्चीवर बसून होतो आणि खाली तुमच्या गावावरून आलेलं ते गढूळ पाणी पेटीवरून फिरत होतं. ओसरल्यावर मी पानं दोरीवर वाळत घातली. शाई वाहून गेली होती. निळसर डाग, ढगांसारखे, आणि अक्षर एक नाही. हे म्हणाले, "आईचं सगळं गेलं गं." मला वाटलं होतं मी कोसळेन. पण वाऱ्यावर हलणारी ती कोरी पानं बघताना मनात आलं, की जे व्हायचं होतं ते लिहितानाच होऊन गेलं आहे. त्या दुपारीच झालं. कागद नंतर राहिला काय, गेला काय. मी दुसऱ्या दिवशी नवी वही आणली.

एक मात्र काल कुणाला सांगितलं नाही, ते इथे लिहिते आणि हा कागद वहीत, आजच्या प्रार्थनेच्या पानातच ठेवून देते. मी देवाला लिहायला बसते, डोळे मिटते, तेव्हा माझ्यासमोर चेहरा तुमचा असतो. पाळकांना कळलं तर म्हणतील, मावशी, हे बरोबर नाही. नसेलही. सुधारायला हवं. पण आज नाही.