ज्याला कळलं नाही, त्याच्या हाती खडू

पाइपलाइन छावणी, अलास्का
८ फेब्रुवारी १९७६

चि. व्हर्नास आशीर्वाद.

पुन्हा तेच रडगाणं! उष्णतेच्या पेपरात नापास झालीस म्हणून इंजिनिअरिंग सोडून घरी जायचं, हे मी आता तिसऱ्या पत्रात वाचतोय. शिक्षण अर्धवट टाकायची आपल्या घराची हौस मी एकट्यानं भागवलीय, तू त्यात वाटा मागू नकोस. सरांना विचारत का नाहीस? लहानपणी ‘का? का?’ करून आईचं डोकं खायचीस, आणि आता तोंडाला कुलूप? तिथे इंजिनिअरिंगच्या काळ्या मुलांची संघटना आहे म्हणालीस ना? मग तिकडे तरी जा.

तुझा चिडलेला, तरी तुझाच,
ल्युशियसदादा

इंडियाना
२० फेब्रुवारी १९७६

ती. दादास सा. न.

कुलूप का, ते ऐक. वर्गात ऐंशी जण, काळी मी एकटी. गोऱ्या मुलानं बावळट प्रश्न विचारला तर तो एकटा बावळट. मी विचारला तर आपण सगळेच. म्हणून मान डोलवत राहिले आणि आपटले. संघटनेतही जात नव्हते. तिथे सगळे हुशार, आपली शोभा कशाला? शेवटी त्यांचा अध्यक्ष हार्लन दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, ताई, आता येतेस की आम्हीच सगळे तुझ्या खोलीत येऊन बसू?

गुरुवारच्या अभ्यासाला त्यांचा एकच नियम. ज्याला कळलं नाही, त्यानं आधी फळ्यापाशी जायचं. गेले. कुणी हसलं नाही. हार्लन याच पेपरात दोनदा बुडालाय म्हणे! पण एका गुरुवारनं काय होतंय? फेरपरीक्षा मे महिन्यात. तोवर टिकेन की नाही, देव जाणे. तुझ्या सुटीत घरी जाताना इकडे वाट वाकडी कर.

माया पातळ करू नकोस.
तुझी व्हर्ना

पाइपलाइन छावणी
२८ मार्च १९७६

चि. व्हर्नास आशीर्वाद.

सुटीत तुझ्याकडे येऊन परतल्यापासून इथे ज्याला त्याला तुमच्या गुरुवारच्या खोलीचं सांगत सुटलोय. आमचा वेल्डर डेल्मार म्हणतो, पुरे रे बाबा, बर्नर पेटव. पण काय करू? आपली बत्तीस माणसं एका खोलीत, आणि भांडण नाही, नाच नाही, प्रार्थना नाही, नुसती गणितं! जन्मात असं पाहिलं नव्हतं.

हार्लननं विचारलं, कुणाला काय कळलं नाही? मी मागच्या बाकावरून चेष्टेनं म्हणालो, मला काहीच नाही. तर त्यानं खरंच खडू हातात दिला! गेलो फळ्यापाशी. येतं तेवढं सांगितलं: इथल्या थंडीत जोड मारण्याआधी आम्ही पाइप तापवतो, नाहीतर जोड तडकतो. का तडकतो, ते ठाऊक नव्हतं. कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात तू उठलीस. गार पाइप जोडातली उष्णता कशी ओढून घेतो, ते मांडायला लागलीस. मध्येच अडलीस, मागच्या एका मुलीनं चूक दाखवली, तू पुसून पुन्हा लिहिलंस. मग वळून विचारलंस, कळलं का दादा?

व्हर्ना, मला कळलं. ज्याला मास्तर दगड म्हणायचे, त्या मला! आता बर्नर धरला की पाइपाच्या आत काय चाललंय ते दिसतं.

निघताना म्हणालीस, मेपर्यंत एकही गुरुवार चुकवणार नाही. त्याचं उत्तर आता देतो. पास हो, नापास हो, त्या खोलीतून हलू नकोस.

तुझ्यावर जीव टाकणारा,
दादा

ता. क. पुढल्या वर्षी आपली नऊ नवी मुलं येतायत, असं हार्लन सांगत होता. आईचे पैसे वेगळे पाठवलेत. हे त्या नऊ जणांच्या पुस्तकांसाठी: साठ डॉलर.