मानेने दिलेला आशीर्वाद

प्रिय नेदका,

इटलीत सुखरूप पोचलो. गुडघा बरा आहे, म्हणजे चालतो. काळी शेळी व्याली का?

आज राद्काचे लग्न झाले. साठीला माझी बहीण नवरी! आधी नवरदेव विट्टोरिओने आपल्या बल्गेरियन भाषेत अडखळत विचारले, "दादा, आशीर्वाद आहे ना?" आपल्या बल्गेरियातल्या रीतीने 'हो' म्हणून मी मान आडवी हलवली. इथे त्याचा अर्थ 'नाही' होतो. बिचाऱ्याचा चेहराच पडला.

राद्का हसली. "अहो, आमच्याकडचा होकार आहे तो!" मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दादा, खरं सांग, होकारच होता ना?"

ही आता गावी कायमची परतणार नाही, हेच माझ्या मनात घोळत होते. नेदका, माझी मान कुठल्याच बाजूला हलेना.

तू काळजी करू नकोस. मी करतो तेवढी पुरे.

तुझा,
गेन्चो