रखमाचा मिथुन नक्की कोणाचा शिपाई?

पाम, ता. २५ फेब्रुवारी

तीर्थरूप प्रतापदादा यांच्या चरणी धाकटा चुलतभाऊ नरहरी याचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे आता जिना चढू देतात की नाही, आणि वहिनींनी मिठाचे पथ्य सोडले नाही ना, हे आधी कळवावे. इकडे आम्ही ठीक आहोत. चिकूला यंदा बार बरा आहे. सौ. स्वातीच्या डोळ्याचे ऑपरेशन पालघरला व्यवस्थित झाले आणि तिला आता माझ्या कपड्यांवरचे डाग स्पष्ट दिसतात. दादा, तुमची तेहतीस वर्षे दिल्लीत परराष्ट्र खात्याच्या टपालात गेली, त्यामुळे आपल्या घराण्यातली सारी मुत्सद्देगिरी तुमच्या वाट्याला आली असे आजवर सगळे धरून चालत होते. गेल्या चार महिन्यांत ती थोडी माझ्याही वाट्याला आली. तुमच्याकडे काही मागायचे म्हणून हे लिहीत नाही. कोणाला तरी सांगावे एवढाच हेतू आहे.

आपल्या वाडीत चिकू उतरवायला येते ती रखमा तुम्हाला आठवत असेल (तुमच्या षष्ठ्यब्दीला तिनेच तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या होत्या). तिचा मुलगा मिथुन बोईसरच्या एमआयडीसीत वेल्डर होता. वय एकोणतीस. दीड वर्षापूर्वी एका एजंटाने त्याला परदेशात गाड्या दुरुस्त करण्याचे काम आहे म्हणून नेले. जिथे नेले तिथे युद्ध चालू होते. पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याच्या अंगावर गणवेश चढवला. छातीवर नंबर लावलेला त्याचा एक फोटो रखमाच्या मोबाइलवर आला, खाली एवढेच लिहिले होते की आई, हे लोक सांगतात तसे करतो आहे. मग वर्षभर काहीच नाही. आणि ऑक्टोबरात कळले की तो समोरच्या बाजूच्या कैदेत आहे. (हे पत्र कोण कोण उघडून वाचील सांगता येत नाही, म्हणून ज्यांनी त्याला गणवेश दिला त्यांना मी थोरले म्हणतो आणि ज्यांनी पकडले त्यांना धाकटे.)

रखमा माझ्याकडे आली, कारण मी भूगोल शिकवायचो आणि माझ्याकडे नकाशा आहे. तिने विचारले, मिथू कुठं हाय ते बोट ठेवून दाखवा. मी दाखवले. तिने आपले एक बोट तिथे ठेवले आणि दुसरे आपल्या पामवर. तेव्हापासून अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी अठरा अर्ज लिहिले. एका कार्यालयातल्या साहेबांनी आम्हाला खुर्ची दिली, पाणी दिले आणि सांगितले की आपला देश कोणत्याच बाजूचा नाही, तेव्हा तुम्हीही कोणत्याच बाजूचे काही बोलू नका. तोवर आम्हाला ठाऊकच नव्हते की आम्ही काही बोललो तर कोणाला फरक पडतो.

पण पडत होता. डिसेंबरात थोरल्यांचा माणूस पालघरला आला. गोरा, स्थूल, फार नम्र. त्याचे म्हणणे असे की मिथुन त्यांचा शिपाई कधीच नव्हता, तो वाट चुकलेला मजूर. आईने तसे लिहून द्यावे आणि तो फोटो पुसून टाकावा, मग ते त्याच्यासाठी रदबदली करतील. आठच दिवसांनी धाकट्यांचा माणूस आला. हा सडपातळ आणि तरुण, डोळ्यांखाली काळे. त्याला तोच फोटो टीव्हीवर दाखवायचा होता, शेजारी रडणारी आई बसवून. दोन्ही देश कैद्यांची तिसऱ्याच एका देशात अदलाबदल करत होते. पण थोरले मिथुनला आपला म्हणेनात, आणि आपला म्हटल्याशिवाय धाकटे सोडेनात. एक माणूस, दादा, आणि तो दोन्ही याद्यांत नाही.

जानेवारीच्या नऊ तारखेला मी दोघांनाही आपल्या घरी बोलावले. एकाला सकाळी अकराला, दुसऱ्याला दुपारी चारला, म्हणजे एकमेकांची सावलीही पडायला नको. (ही योजना मी वहीत आकृती काढून केली होती.) थोरले मनोरच्या पुढे हायवेवर अडकले ते साडेतीनला पोचले. धाकटे हायवेला घाबरून तीनलाच हजर. मी एकाला ओटीवर बसवले, एकाला मागच्या पडवीत, आणि मध्ये ये-जा करत राहिलो. स्वातीने चुकून दोघांना एकाच ताटलीतली चकली दिली, तेव्हा तर मी धावत जाऊन दुसरी ताटली आणली. त्यात तारापूरचे अणुऊर्जा केंद्र इतके जवळ, त्यामुळे दोन पोलीस चौकशीला आले. दोन्ही पाहुण्यांनी वेगवेगळे सांगितले की आम्ही चिकू बघायला आलो आहोत. संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती की चिकू परदेशी निघाले. शेजारचे चंद्रभान सावे तर आपल्या मालाचा नमुना टोपलीत घेऊन दारात उभे राहिले.

या गोंधळात रखमा मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मी चौथी फेरी मारत असताना ती उठली, अंगणात गेली आणि दोन्हीकडे बघून हाक मारली, दोगं पन इथं या. मी इंग्रजीत काही सांगण्याआधीच दोघे आले. तिने मोबाइल कनवटीला खोचला.

"फोटो मी कुणाला देणार नाय, आन पुसणार पन नाय," ती थोरल्यांना म्हणाली. "मिथूचं नाव यादीत घाल. तो घरी आला का तुज्यासमोर पुसते." मग ती धाकट्यांकडे वळली. "तुज्याकडं हाय ना तो? जेवाया देता का?"

मी भाषांतर केले. तो तरुण माणूस म्हणाला, जेवायला देतो. थंडीने पायाची दोन बोटे गेली, ती कापावी लागली. रखमाने विचारले, कुठली? त्याने वाकून स्वतःच्या डाव्या बुटाच्या टोकाला, कडेला हात लावून दाखवले. चंद्रभानांनी टोपली खाली ठेवली.

त्यानंतर ते दोघे पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले, आपल्या चिकूच्या झाडाखाली उभे राहून, पाचेक मिनिटे. त्यांना दुभाषा लागला नाही. लांबून ऐकताना दोघांची भाषा मला एकच वाटली. जाताना त्यांनी हात मिळवले नाहीत, पण आधी कोणाची गाडी बाहेर काढायची यावर भांडलेही नाहीत.

बावीस दिवसांनी मिथुनचे नाव यादीत आले. शिपाई म्हणून नाही आणि मजूर म्हणूनही नाही. दोघांनी मिळून शब्द शोधला होता, "सेवेशी संलग्न व्यक्ती". विमानतळावर रखमाने त्याला मिठी मारली नाही. ती खाली बसली, त्याचा डावा बूट काढला आणि पाऊल हातात धरून तशीच बसून राहिली. लोक बाजूने जात होते. गेल्या गुरुवारी थोरल्यांचा माणूस पुन्हा येऊन गेला. तिने शब्द दिल्याप्रमाणे त्याच्यासमोर फोटो पुसला. जाताना त्याने खरोखरच दोन डझन चिकू विकत घेतले.

मिथुन फारसा बोलत नाही. सकाळी वाडीत येतो, पंपाची जोडणी करतो, आवाज झाला की थांबतो. बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

आपला,
नरहरी

ता. क. वर मी सारे काही मध्यस्थाच्या थाटात लिहिले आहे, ते पुन्हा वाचून लाज वाटली. खरे ते तुम्हाला तरी सांगतो. त्या नऊ तारखेच्या आदल्या दिवशी मीच रखमाला सांगितले होते की फोटो पुसून टाक आणि लिहून दे, मोठ्या देशाशी वैर नको. तिने माझे ऐकले असते तर मिथुन आज कोणाचाच नसता. तिने मला त्याबद्दल एक शब्दही ऐकवलेला नाही.

दुसरा ता. क. मिथुनने गेल्या आठवड्यात प्रथमच एक नाव घेतले. पलीकडच्या पाड्यावरच्या जमनाचा देवू त्याच्या सोबत होता, एकाच एजंटाने नेलेला. मिथुनने त्याला शेवटचे पाहिले तेव्हा तो जिवंत होता. दोन्ही देश म्हणतात, असा माणूस आम्हाला माहीत नाही, आणि त्याचा फोटो कोणाकडेच नाही. रखमा जमनाला घेऊन दिल्लीला निघाली आहे. मंगळवारी गाडीत बसतील, बुधवारी दुपारी तुमच्या दारात असतील. त्यांना चार दिवस ठेवून घ्या आणि तुमच्या जुन्या ओळखीतले कोणी अजून खुर्चीवर असेल त्याच्यासमोर दोघींना नेऊन बसवा. मीही बॅग भरली होती. रखमा म्हणाली, "गुरुजी, तुमी नका येव. तुमी फार बोलता."