डोळे मिटून ऐकायची कला

८ जानेवारी

ही वही सूनबाईची. युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्यांनाच शिकवायचं एक सेंटर निघालंय, तिथे तिला दोन मिळाल्या. रोज काय शिकवलं, काय चुकलं, ते लिहायचं, असं तिथल्या बाईंनी सांगितलंय. एवढी डॉक्टर झालेली बाई, पहिलीतल्या पोरासारखी नवी वही घेऊन घरी आली. तिच्या चुका एका वहीत मावायच्या नाहीत, तरी दुसरी मी उचलली. माझं काही चुकत नाही, त्यामुळे मला जन्मभर पुरेल.

९ जानेवारी

मूळ भानगड आज कळली. भिंतीला कान लावले नाहीत. चिरंजीव फोनवर ओरडूनच बोलतो.

सूनबाई दगड शिकवते. म्हणजे दगड कसे झाले, कुठून आले, ते. मॅडम कशा शिकवतात हे हल्ली पोरांनाच विचारतात. पोरांनी लिहिलं, मॅडम स्वभावाने चांगल्या, पण तासाला झोप येते. एकाने नाही, वर्गाने. आता मार्चमध्ये विभागप्रमुख स्वतः मागे बसून तास बघणार. पोरं जागी राहिली तर नोकरी कायम. पेंगली तर सूनबाई घरी.

ती दिवसभर घरी, म्हणजे मी दिवसभर तिच्यासमोर. हे होता कामा नये.

१० जानेवारी

सूनबाई म्हणाली, आई, मी दुपारी घरी सराव करते, तुम्ही समोर बसाल का? तुमच्याइतकं खरं मला कोणी सांगणार नाही.

अखेर अक्कल आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा माणूस ओळखला. मी लगेच हो म्हटलं नाही. आधी चहा घेतला, मग म्हटलं.

माझं शिक्षण चौथी. बहीण म्हणते, शाळेनेच मला सोडलं. बहीण पहिल्यापासून खोटारडी.

संकल्प: कडक राहायचं. तोंडावर स्तुती करायची नाही. पाठीमागे तर नाहीच.

११ जानेवारी, दुपार

पहिला तास. जेवणं उरकली, मी आरामखुर्चीत, सूनबाई समोर कपाटाच्या आरशापुढे उभी. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. स्वतःचं शिकवणं स्वतः बघा, असंही त्या सेंटरच्या बाईंचं म्हणणं. ह्या बाई म्हणे प्रत्येकाचं बोलून झालं की सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावतात. टाळीवालीच म्हणेन मी.

मी डोळे मिटून ऐकते. बघत बसलं की लक्ष उडतं, साडीचा काठ दिसतो, भिंतीवरची पाल दिसते. सूनबाईने सुरुवात केली, जमिनीच्या पोटात दगड वितळतो. डोळे मिटले. उघडले तेव्हा दगड थंड झाला होता, चहासुद्धा. एकूण तास बरा. मधला भाग जरा भरभर गेला, एवढं सांगितलं.

तिने तांबडं पेन घेऊन दोन पानं खोडली. धाक बसला.

१४ जानेवारी

चिरंजीव आज लवकर आला. म्हणाला, आई, तू घोरत होतीस. मी म्हटलं, त्याला हुंकार म्हणतात. कोणी काही सांगत असलं की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. तुला कोणी काही सांगत नाही, त्यामुळे तुला माहीत नाही.

सूनबाई गालात हसली. माझ्या बाजूने हसली असणार.

२० जानेवारी

सूनबाई रोज पानं खोडतेय. मी काही बोलायच्या आतच. माझ्या नुसत्या चेहऱ्यावरून तिला कळतं, कुठे चुकलं. अशी नजर असावी लागते. म्हणजे मिटलेली असली तरी.

टाळीवालीने सगळ्या प्रोफेसरांना भिंतीवर रंगीत कागद चिकटवायला लावले. एवढा पगार घेऊन. दोन गुरू एका शिष्याला नकोत. तिला निरोप पाठवावा म्हणते की तुम्ही आता आला नाहीत तरी चालेल.

२९ जानेवारी

आज मी स्वतः शिकवून दाखवलं. पोरं पेंगली की टेबलावर डब्याचं झाकण आपटायचं. सूनबाई म्हणाली, दाखवा. मी आपटलं. खालच्या मजल्यावरचा शिंपी वर आला, म्हणाला, काकू, पडलात का? त्याची सुई बोटात गेली होती. पद्धत उत्तम आहे. शिंप्याला जपून वापरायची.

६ फेब्रुवारी

काहीतरी बिनसलंय. सूनबाईने आज बोलायच्या आधीच माझ्या हातात एक दगड दिला. म्हणाली, आई, हा समुद्राच्या तळाशी होता. इथवर कसा आला असेल, सांगा. मी म्हटलं, तू पिशवीत घालून आणलास. म्हणाली, त्याच्या आधी. मी म्हटलं, कोणाच्या तरी पायात अडकला असेल. म्हणाली, नीट बघा, त्यात शिंपला आहे.

होता की. दगडात शिंपला. घातला कोणी?

दुपारभर त्यातच गेली. एकदाही डोळे मिटता आले नाहीत. म्हणजे ऐकणं झालंच नाही. सांगितलं तिला तसं, की आजचा तास वाया गेला. तर ती खूश. खोडलं काहीच नाही.

१९ फेब्रुवारी

शिकवणं दिवसेंदिवस घसरतंय. रोज काहीतरी हातात देते, काहीतरी विचारते, अर्ध्यावर सोडून देते आणि म्हणते, तुम्हाला काय वाटतं? मला वाटायला लागलं तर तू कशाला? आज तर मीच तिच्याशी भांडत होते की डोंगर आधी की नदी आधी. डोळे टक्क उघडे. दुपारचं ऐकणं बंद पडल्यामुळे संध्याकाळी डोकं धरतं.

ही नक्की नापास होणार. टाळीवालीने बिघडवली.

संकल्प: तासाला मी स्वतः जाणार.

४ मार्च

सूनबाई म्हणाली, या, पण गप्प बसा. मी गप्पच असते.

खुणा ठरवल्या. मी एकदा खोकले की सावकाश. दोनदा खोकले की आवाज चढव. बांगड्या वाजवल्या की दगड खाली ठेव आणि सरळ शिकव.

११ मार्च

झालं ते झालं, लिहून ठेवते.

वर्ग तिसऱ्या मजल्यावर. लांब बाकं, खिडक्यांवर धूळ, पंखा नुसता आवाज करतो. शेवटच्या बाकावर मी, शेजारी विभागप्रमुख. मिश्या अशा की बोलताना हलतात. मला म्हणाले, आपण कोणत्या विभागाच्या? मी म्हटलं, घरच्या.

मी पहिल्याच वाक्याला खोकले. मिशीवाल्यांनी पाण्याची बाटली दिली. दोनदा खोकले, त्यांनी खिडकी उघडली. बांगड्या वाजवल्या, तर पुढच्या बाकावरची पोरगी वळून म्हणाली, आजी, शू.

सूनबाईने दगड वाटले आणि वर्गाचा बाजार झाला. प्रत्येकाचा हात वर. एक पोरगा म्हणाला, नदी आधी. मला राहवलं नाही. उभी राहून म्हटलं, अरे, डोंगरच नसेल तर नदी उतरेल कुठून? तो म्हणाला, आजी, नदी आधीपासून वाहत होती, डोंगर तिच्याखालून वर आला. सगळे त्याच्या बाजूने. मी तास संपेपर्यंत भांडले.

अख्ख्या तासात एकसुद्धा पोर शांत डोळे मिटून ऐकत नव्हतं. मीसुद्धा नाही.

संपलं. उद्यापासून दिवसभर समोरासमोर.

१८ मार्च

कायम झाली.

मी बोललेच होते. मिशीवाल्यांनी लिहिलं म्हणे, वर्ग संपूर्ण वेळ जागा होता. माझ्या खोकल्यामुळे. अशा आवाजात कोण झोपेल? चिरंजीवाने पेढे मागवले, पहिला तिला दिला. असो.

२२ मार्च

टाळीवालीचं आमंत्रण. सेंटरमध्ये कार्यक्रम आहे, सगळ्या विभागांचे प्रोफेसर येणार. सूनबाई सांगणार, शिकवणं कसं सुधारलं. टाळीवालीने मुद्दाम कळवलंय की सासूबाईंना आणाच, त्यांच्याशिवाय हे झालं नसतं.

बाई वाईट नाही. टाळ्या जरा जास्त, बाकी समज आहे.

भाषण तयार आहे. साडी इस्त्रीला दिली. शिंप्याला सांगितलं, आता मलाही युनिव्हर्सिटीत बोलावतात. म्हणाला, झाकण नेऊ नका.

२७ मार्च

कार्यक्रम झाला.

भिंतीएवढा पडदा होता. सूनबाईने साखरेच्या डब्याचे सगळे व्हिडिओ लावले. तिच्या मागे आरसा असतो, मला काय माहीत त्यात मी दिसते. तोंड उघडं. हुंकार हॉलभर घुमला.

सूनबाई म्हणाली, ह्या माझ्या सासूबाई. ज्या वाक्याला ह्यांची मान पडली, ते वाक्य मी खोडलं. जिथे मान पडली नाही, ते ठेवलं. मार्चपर्यंत मान पडायची थांबली.

लोक बाकांवर लोळून हसले. मिशीवाल्यांच्या मिश्या तर थांबेनात. टाळीवालीने सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मग मला म्हणाली, दोन शब्द बोला. भाषण होतं कनवटीला. मी म्हटलं, मी झोपले नव्हते. पुन्हा टाळ्या.

येताना सूनबाईने रिक्षात माझा हात धरला. मी म्हटलं, सोड, गरम होतंय.

३० मार्च

गणित शिकवणाऱ्या सरांचा फोन. त्यांच्याही तासाला पोरं पेंगतात. म्हणाले, आजी, एक दुपार द्याल का? बिस्किटं घेऊन येतो.

सूनबाईने आरामखुर्चीत उशी ठेवली. मी उचलून माळ्यावर फेकली.

संकल्प: गणितवाल्यासमोर ताठ बसायचं, डोळे टक्क उघडे. शेवटपर्यंत. फोनसमोर. मग तोच व्हिडिओ त्यांच्या भिंतीएवढ्या पडद्यावर लावायला सांगायचा. सकाळीच कडक चहा घेणार. वेळ पडली तर स्वतःला चिमटा काढणार. ठरलं म्हणजे ठरलं.

३१ मार्च, संध्याकाळ

गणितवाला येऊन गेला म्हणे.