लवूच्या पत्राची स्वच्छ प्रत

॥ श्री ॥
ओखा, ६ नोव्हेंबर १९८३

ती. स्व. नानांस,
लवूचा सा. न. वि. वि.

दिवाळी बोटीवरच झाली. आईचा फराळ पोचला, पण चकल्यांचा पार चुरा. आम्ही तो चमच्याने खाल्ला.

गोराईच्या वाचनालयात तुम्ही नौदल दिनाला आमच्या क्षेपणास्त्र बोटींचा इतिहास सांगणार, म्हणून बोटीवरच्या जुन्या चीफ खलाशांना विचारून लिहितो. पहिल्या आठ बोटी एकाहत्तर साली रशियाहून मोठ्या जहाजावर लादून आल्या. एवढं वजन उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती. कलकत्त्याला उतरवल्या आणि दोरखंडाने ओढत, सगळ्या किनाऱ्याला वळसा घालून मुंबईला आणल्या. मुळात बंदर राखायच्या बोटी, पल्ला थोडा, पण वेग भन्नाट. डिसेंबरात कराचीकडेही बरीच वाट ओढतच नेल्या आणि मग सोडल्या. पहिल्या रात्री तिघी होत्या, निपात, निर्घात आणि वीर. शत्रूला कळू नये म्हणून आपली माणसं रेडिओवर रशियन बोलायची! आमची बोट मागून आलेल्या दुसऱ्या खेपेतली. पहिल्या खेपेतल्या आता थकल्यात.

बाबांना माझं अक्षर लागत नाही, तेव्हा नेहमीसारखी तुमच्या फळ्यावरच्या अक्षरात स्वच्छ प्रत करून गोराईला धाडा. आम्ही मुंबईला येतोय, १७ आणि १८ तारखेला उत्तन-गोराईसमोर आमच्या वेगाच्या चाचण्या आहेत. मच्छीमार सोसायटीत नोटीस लागेल, पण बाबा आणि नलिनीचे वडील गुणाजीमामा नोटीस वाचत नाहीत, माझ्या पत्रावर विसंबतात. दोन दिवस समुद्रात रोवलेली डोलजाळी काढून ठेवा म्हणावं.

तुमचा गुडघा कसा आहे? पुतण्यावर माया आहे तशी राहू द्या.

आपला,
लवू

॥ श्री ॥
मुलुंड, ११ नोव्हेंबर १९८३

चि. धोंडूस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

लवूचं पत्र आलं. प्रत खाली केली आहे. चष्मा पूस आणि मगच वाच, नाहीतर मागच्यासारखा बोटीला बोका वाचशील आणि गावभर करशील.

‘बाबा, आमच्या बोटींचा जन्म बंदराची राखण करण्यासाठी झाला. अंगणात बांधलेल्या पोरींसारख्या त्या. एकाहत्तरच्या त्या रात्री मोठ्या जहाजांनी त्यांना बोट धरून अथांग काळोखात नेलं आणि हात सोडला. मग त्या वाऱ्यालाही मागे टाकून धावल्या! विद्युत, विनाश, निपात, वीर, निर्घात, नाशक, निर्भीक, विजेता. अशा आठ बहिणींच्या घराण्यातली माझी बोट आहे, याचा मला अभिमान वाटतो. आईच्या चकल्या खमंग होत्या.’

धोंडू, ती नावं मोठ्याने म्हणून बघ. ठेका लागतो की नाही? निर्घात म्हणजे काय ठाऊक आहे? आकाशात वाऱ्यावर वारा आदळून होतो तो आवाज. शब्दकोश काढून बसलो तर दुपार कशी गेली कळलं नाही. शाळेत असताना खाडी ओलांडताना मी कविता म्हणायचो आणि तू वल्ह्याने ताल धरायचास, ते आठवलं. तो आवाज अजून कानात आहे.

गुणाजीलाही वाचून दाखव. जावई कसा लिहितो ते कळू दे त्याला. सुगंधाला आशीर्वाद, तिच्या चकल्यांनाही. आहे तो जिव्हाळा खाडीच्या पाण्यासारखा येता-जाता राहू दे.

तुझा,
दादा

गोराई, २१ नोव्हेंबर

ती. दादास,
धोंडूचा नमस्कार.

शुक्रवारी माझं आणि गुणाजीचं, दोन्ही डोलजाळी गेली. बोट आली तशी गेली. मागे जाळ्याची नुसती तरंगती पिंपं नाचत होती, खाली जाळं नाय. ऐन बोंबलाचे दिवस. सोसायटीत भांडायला गेलो तर नोटीस दाखवली. सगळे हसले. घरचा पोरगा बोटीवर आणि बापाला पत्ता नाय.

तुझं पत्र मी गुणाजीला वाचलं होतं. मांडीवर थाप मारून पुन्हा वाच म्हणाला होता. आता तोच म्हणतो, पोराने पानभर लढाई लिहिली, आपल्या माणसासाठी दोन शब्द नव्हते त्याच्याकडे. असल्याला पोरगी देऊन काय करू? माघातलं लग्न थांबलं म्हण. नलिनी पाण्यालासुद्धा बाहेर येत नाय. सुगंधा धड जेवत नाय.

लवूला काय लिहायचं ते तू लिही. मला त्याला लिहायचं नाय. राग त्याच्यावर आहे, तुझ्यावर नाय. लोभ ठेव.

धोंडू

॥ श्री ॥
मुंबई, २७ नोव्हेंबर १९८३

ती. स्व. नानांस,
लवूचा सा. न. वि. वि.

मी इंजिनजवळ होतो. एकदम धक्का बसला, बरंच पुढे जाऊन इंजिन बंद केलं. पाणबुड्याने खाली जाऊन पंख्यात गुंतलेलं जाळं कापून वर आणलं. त्याच्या तोंडाशी हिरवी चिंधी होती. आपल्याच जाळ्याला आई तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधते, तुम्हाला ठाऊक आहे. सगळे मोकळे झालो म्हणून खूश होते. मी चिंधी खिशात घातली.

बाबांना दोन ओळी लिहिल्या, तुमच्यासारखं मोठं अक्षर काढून. कळवायचं माझ्याकडून राहून गेलं, असं लिहिलं. तुम्ही आता काही बोलू नका. मी शिव्या खाईन आणि विसरेन. तुम्ही गावाचे मास्तर, या वयात तुमच्याकडे कोणी बोट दाखवलेलं मला चालणार नाही. चार तारखेचं नौदल दिनाचं भाषण करा.

विचारायचं नव्हतं, पण विचारतो. ती ओळ तुम्हाला दिसली होती ना?

आशीर्वाद असू द्यावा.

लवू

मुलुंड, २९ नोव्हेंबर १९८३

चि. धोंडूस,
आशीर्वाद.

हे पत्र बंदरावर गुणाजीसमोर वाच.

लवूने कळवलं होतं. तारखा, जागा, जाळी काढा, सगळं होतं. सोबत त्याचं मूळ पत्र आहे, शेजारच्या प्रेमाकडून वाचून घे. ती ओळ मी वाचली होती. प्रत करताना ती मध्येच आली आणि खटकली. वाऱ्याला मागे टाकून धावणाऱ्या बोटींनंतर सोसायटीची नोटीस मला रुक्ष वाटली. शेवटी ताज्या कलमात घालू म्हटलं. मग निर्घातचा अर्थ शोधत बसलो आणि पाकीट चिकटवलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी हे लिहायला हवं होतं. बसलो होतो. पहिली ओळ सुंदर झाली. तीच सुंदर झाली म्हणून स्वतःची किळस आली, कागद फाडला. त्यानंतर रोज उद्यावर ढकललं. तेवढ्यात पोराने माझा दोष स्वतःवर घेतला आणि खरं सांगतो, त्याचं पत्र वाचून आधी मला हायसं वाटलं. रडू नंतर आलं.

वर्षानुवर्षं त्याच्या पत्रांत मी माझी वाक्यं घातली. पोरगा काय म्हणतो ते तुला कधी नीट ऐकूच दिलं नाही. चार तारखेला मी बोलणार नाही, वाचनालयाला कळवलं आहे. नलिनीचं लग्न माझ्यापायी मोडू नये, एवढं गुणाजीला सांग. पाया पडतो म्हणून सांग.

माया मागायला आज तोंड नाही.

रामचंद्र

गोराई, ८ डिसेंबर

ती. दादास,
नमस्कार.

बंदरावर वाचलं. सगळे होते. गुणाजीने पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, मास्तरच्या हातात जाळं विणायची सुई द्या, बघू विसरला का. तेव्हा तू ये. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, खाडीवरच्या तरीतून उतरताना मी धरतो. लग्नाचं अजून तो बोलला नाय.

मला राग आहे. जाईल, पण आज नाय गेला. इतकी वर्षं वाटायचं, पोरगा बोलतो तेव्हा साधा आणि लिहितो तेव्हा परका. सुगंधाला म्हणायचोसुद्धा.

यापुढे तू प्रत करायची नाय. लवू थेट लिहील. त्याच्या त्या दोन ओळी माझ्या मला वाचता आल्या. खोट्या होत्या, पण लागल्या. तुझं तू वेगळं लिही, तेही वाचेन.

धोंडू

गोराई, २० डिसेंबर १९८३

चि. लवूस,

आधी कामाचं. लग्न माघात, ठरल्या दिवशीच. गुणाजी काल बोलला. रजेचा अर्ज आजच दे.

आता अनेक आशीर्वाद.

मी रोज पडवीत नवं जाळं विणायला बसतो. माझ्या गाठी सैल पडतात. संध्याकाळी तुझी आई त्या मुकाट्याने सोडते आणि घट्ट मारते. मला तेच सर्वांत जड जातं. येताना ती हिरवी चिंधी आण. नव्या जाळ्याला तीच बांधायची म्हणते, ती मला नाही, तुझ्या बाबांना म्हणाली.

आज गुणाजीने आपण होऊन विचारलं, त्या तीन बोटींचा दोर सोडल्यावर पुढे काय झालं. मी सुई खाली ठेवून, घसा खाकरून सुरुवात केली, तर म्हणाला, सांग, पण हात थांबवू नको. मग सांगितलं. विणता विणता वाक्यं आपोआप आखूड झाली. त्याला समजलंही सगळं. निर्घातचा अर्थ मात्र मी सांगितला नाही.

बाबांना लिहिशील तेव्हा ओळी सुट्या ठेव, अक्षर हरभऱ्याएवढं काढ. सवयीने घडेल.

पूर्वीइतकी नाही, तरी उरेल तेवढी माया नानावर असू दे.

तुझा,
नाना

सगळं वरच आलं आहे. ताजा कलम नाही.